घरच्या गिटार अँपला व्हॉल्व्हवर चालणारा स्प्रिंग रिव्हर्ब: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरी व्हॉल्व्हचा (काचेच्या व्हॅक्यूम नळ्यांचा) गिटार अँप बांधून झाला, चार दिवस मनसोक्त वाजवला, की पुढचा प्रश्न ठरलेला: "आता याला रिव्हर्ब, म्हणजे सुरामागे रेंगाळणारी गुंज, कसा लावू?" मी कोल्हापुरात हे काम हौसेनं करतो. आतापर्यंत तीन अँपना रिव्हर्ब लावला. तिन्ही वेळा वेगळ्या ठिकाणी अडलो. त्या अडचणी आणि लोक सारखे विचारतात ते प्रश्न इथे लिहितोय. तुम्हाला सोल्डरिंग येतं, सर्किटचं चित्र वाचता येतं आणि तुमचा अँप रिव्हर्बशिवाय व्यवस्थित वाजतोय, एवढं मी धरून चाललोय. अँप आधीच घूं-घूं करत असेल तर पहिलं ते काढा. रिव्हर्ब लावल्यावर ते वाढणारच.

स्प्रिंग रिव्हर्बमध्ये नेमकं होतं काय?

मिरजेच्या सतारमेकर गल्लीत कधी गेलात तर एखाद्या सतारीच्या तरफेच्या तारांजवळ कान नेऊन बघा. वरची तार छेडली की खालच्या तारा आपोआप बोलू लागतात आणि सूर थांबल्यावरही थोडा वेळ बोलत राहतात. स्प्रिंगचं काम त्याच्या जवळपास जाणारं आहे, फक्त मध्ये वीज येते. स्प्रिंग ताणून बसवलेल्या पत्र्याच्या पेटीला टँक म्हणतात. टँकच्या एका टोकाला कॉइल असते. तिच्यात गिटारचा सिग्नल सोडला की स्प्रिंगच्या टोकाला बसवलेलं बारीक चुंबक पिळलं जातं. तो पीळ स्प्रिंगमधून पलीकडे जातो, तिथल्या कॉइलमध्ये पुन्हा वीज तयार करतो, आणि काही भाग आपटून मागे फिरतो. असा तो येत-जात हळूहळू विरतो.

नेहमीच्या लांब टँकमध्ये चार स्प्रिंग दिसतात, पण दोन-दोन तुकडे एकमेकांना जोडलेले असल्यामुळे खरे मार्ग दोनच. एका मार्गाला सुमारे ३३ मिलिसेकंद लागतात, दुसऱ्याला ४१. दोन्हींचा वेळ सारखा नसतो म्हणून आवाज एकाच ठेक्यात परत येत नाही, पसरतो.

ही कल्पना गिटारवाल्यांची नव्हे. अमेरिकेतल्या हॅमंड ऑर्गन कंपनीनं घरात वाजणाऱ्या ऑर्गनला मोठ्या चर्चसारखी गुंज यावी म्हणून स्प्रिंग वापरल्या. फेंडरनं १९६१ मध्ये ६जी१५ नावाची वेगळी रिव्हर्ब पेटी काढली आणि १९६३ च्या व्हायब्रोव्हर्बपासून रिव्हर्ब अँपच्या आतच बसवायला सुरुवात केली. आज घरी बांधणारे बहुतेक जण त्याच काळातल्या एबी७६३ या सर्किटवरून काम करतात. खालचे आकडेही त्यातलेच आहेत.

पेडल मिळतं की. एवढा खटाटोप कशाला?

पेडल चांगलंच वाजतं, त्याबद्दल तक्रार नाही. पण व्हॉल्व्हनं ढकललेल्या स्प्रिंगचा एक गुण मला इतर कुठे मिळाला नाही. हळू वाजवलं तर ती मागे धुक्यासारखी राहते आणि जोरात छेडलं की 'टप्प' करून पाण्याचा थेंब फुटल्यासारखी उसळते. ड्रायव्हर (टँकला सिग्नल ढकलणारा व्हॉल्व्ह), त्याचा ट्रान्सफॉर्मर आणि टँकची कॉइल तिघेही आपापल्या मर्यादेला पोचतात, तेव्हा तो आवाज निघतो. तुमच्या बोटांच्या जोरावर तो बदलतो. हे ज्याला हवंय त्यानंच एवढं काम अंगावर घ्यावं.

माझ्या अँपमध्ये बसेल का?

दोन ६व्ही६ पॉवर व्हॉल्व्ह असलेला साधा अँप धरू. रिव्हर्बसाठी आणखी दोन छोटे व्हॉल्व्ह लागतात: एक १२एटी७ (हाच ड्रायव्हर) आणि एक १२एएक्स७. प्रत्येकाचा हीटर ६.३ व्होल्टवर ०.३ अँपिअर घेतो, म्हणजे ०.६ वाढले. दोन ६व्ही६ चे ०.९ आणि आधीच्या दोन छोट्या व्हॉल्व्हचे ०.६ मिळून १.५ अँपिअर होतात. रिव्हर्बसह २.१. तुमच्या मेन ट्रान्सफॉर्मरचं हीटर वाइंडिंग २ अँपिअरचंच असेल तर हात लावू नका. किमान २.५ असावं, ३ असेल तर निश्चिंत. हाय टेन्शनवरचा (व्हॉल्व्हना लागणाऱ्या मोठ्या डीसी व्होल्टेजवरचा) भार त्या मानानं किरकोळ आहे. ड्रायव्हर सुमारे ४ मिलिअँपिअर घेतो, उरलेला व्हॉल्व्ह जेमतेम दोन-तीन.

दोन सॉकेटना चॅसीवर जागा हवी. माझ्या पहिल्या अँपची चॅसी पुरली नाही, म्हणून उद्यमनगरातून दीड मिलिमीटरचा अॅल्युमिनियमचा पत्रा वाकवून नवीन करून घेतली. कागदावर एक ते एक मापाचं चित्र काढून नेलं की ते लोक भोकं अगदी तंतोतंत पाडून देतात. व्हॉल्व्हच्या नऊ पिनी सॉकेटला साधारण २२ मिलिमीटरचं भोक लागतं, पण हातातलं सॉकेट मोजूनच आकडा लिहा.

धोका किती आहे?

जीव जाण्याइतका. हे कुणी हलक्यात घेऊ नये. आत ३५० ते ४५० व्होल्ट डीसी असतो आणि प्लग काढल्यावरही कपॅसिटर तो धरून ठेवतात. १० किलोओम, ५ वॅटच्या रेझिस्टरला दोन इन्सुलेटेड क्लिप लावून ठेवा. प्लग काढला की आधी त्यानं कपॅसिटर रिकामा करायचा, मग मल्टिमीटरनं शून्य झाल्याची खात्री करायची, आणि नंतरच बोट आत घालायचं. चालू अँपमध्ये मोजायचंच असेल तर एक हात पाठीमागे, पायात रबरी चप्पल, खोलीत दुसरं कुणीतरी जागं.

आणखी एक. पेठांमधल्या जुन्या घरांत तीन पिनी सॉकेट दिसतं, पण तिसऱ्या भोकामागे वायरच नसते. मी पाहिलंय. चॅसीला अर्थ मिळत नसेल आणि आत काही सुटलं, तर सगळा व्होल्टेज गिटारच्या तारांवर येतो. वायरमन बोलावून अर्थिंग तपासून घ्या, ते झाल्याशिवाय अँप उघडूच नका.

टँक कोणता घ्यायचा? नावात एवढी अक्षरं कसली?

ट्रान्सफॉर्मरवर चालणाऱ्या सर्किटला ४एबी३सी१बी हा टँक. प्रत्येक अक्षराला अर्थ आहे आणि एक जरी चुकलं तरी पैसे वाया जातात. '४' म्हणजे लांब, सुमारे सव्वाचारशे मिलिमीटरचा. पहिला 'ए' म्हणजे आत जाणारी कॉइल ८ ओमची. 'बी' म्हणजे बाहेर येणारी २,२५० ओमची. '३' म्हणजे गुंज लांब, पावणेतीन ते चार सेकंद. 'सी' म्हणजे इनपुटचं सॉकेट टँकच्या पत्र्यापासून वेगळं, आउटपुटचं पत्र्याला जोडलेलं. '१' म्हणजे लॉक नाही. शेवटचा 'बी' म्हणजे टँक आडवा, उघडी बाजू खाली ठेवून बसवायचा.

पहिला टँक मी घाईत मागवला आणि इनपुटला १,४७५ ओमचा 'एफ' आला. बाहेरून हुबेहूब तोच पत्रा, तीच लांबी. जोडल्यावर रिव्हर्ब कुठेतरी विहिरीच्या तळातून येतोय असं वाटलं. दोन रात्री सर्किट तपासण्यात घालवल्या, टँकवरचं लेबल मात्र वाचलं नाही. म्हणून सांगतो, टँक हातात आला की आधी मल्टिमीटर लावा. ८ ओमच्या कॉइलचा डीसी रेझिस्टन्स जेमतेम एक ओम दाखवतो, २,२५० ओमवालीचा २०० च्या आसपास. लेबलवरचे आकडे १ किलोहर्ट्झवरचे असतात, मीटरवर ते दिसत नाहीत. त्यामुळे ८ च्या जागी ०.८ दिसलं तर टँक खराब समजू नका.

सर्किट थोडक्यात सांगा ना.

थोडक्यात सांगून उपयोग नाही, हाच तर गाभा आहे.

टोन कंट्रोलनंतरच्या गेन स्टेजच्या प्लेटवरून सिग्नलला दोन वाटा फुटतात. एक वाट ३.३ मेगओमच्या रेझिस्टरमधून थेट पुढे जाते. त्या रेझिस्टरला समांतर १० पिकोफॅराडचा कपॅसिटर असतो, तो वरचे सूर राखतो. दुसरी वाट ५०० पिकोफॅराडच्या कपॅसिटरमधून १२एटी७ च्या दोन्ही ग्रिडवर जाते, तिथून १ मेगओम जमिनीला, म्हणजे सर्किटच्या ग्राउंडला. ५०० पिको आणि १ मेग मिळून सुमारे ३२० हर्ट्झच्या खालचं कापतात. ते कापायलाच हवं. खर्जाचे सूर स्प्रिंगमध्ये गेले की नुसता चिखल होतो, आणि ट्रान्सफॉर्मरची ताकदही तिथेच संपते.

१२एटी७ चे दोन्ही अर्धे समांतर जोडायचे. कॅथोडला २.२ किलोओम आणि त्याला समांतर २५ मायक्रोफॅराड. दोन्ही प्लेट रिव्हर्बच्या ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीला (त्याची सेकंडरी टँकच्या इनपुटला), प्रायमरीचं दुसरं टोक पॉवर व्हॉल्व्हच्या स्क्रीनला जिथून पुरवठा होतो तिथे. प्रीअँपच्या शेवटच्या नोडवर हे टोक जोडू नका, नाहीतर अँप बोटीच्या इंजिनासारखा टक-टक करायला लागतो. कॅथोडवर साडेआठ-नऊ व्होल्ट दिसले की ड्रायव्हर जागेवर आहे.

आता यात खरी गोष्ट कोणती? टँकच्या इनपुटला साधारण २८ मिलिअँपिअर करंट हवा असतो. ती कॉइल आहे, त्यामुळे सूर वर जाईल तसा तिचा विरोध वाढतो: १ किलोहर्ट्झला ८ ओम, ५ किलोहर्ट्झला ४० च्या घरात. तेवढाच करंट टिकवायचा तर वरच्या सुरांना कितीतरी जास्त व्होल्टेज द्यावा लागतो. म्हणून ड्रायव्हरकडे भरपूर राखीव ताकद लागते, आणि म्हणूनच एवढ्याशा कॉइलमागे अख्खा व्हॉल्व्ह आणि ट्रान्सफॉर्मर उभा केलेला असतो. लोक टँक बदलत बसतात. पातळ रिव्हर्बचं कारण दहातल्या आठ वेळा मला ड्रायव्हरमध्येच सापडलंय.

टँकमधून परत येणारा सिग्नल काही मिलिव्होल्टचा. तो १२एएक्स७ च्या एका अर्ध्याच्या (हीच रिकव्हरी स्टेज) ग्रिडवर, २२० किलोओम जमिनीला, प्लेटला १०० किलोओम. तिथून ०.००३ मायक्रोफॅराडमधून १०० किलोओमच्या रिव्हर्ब पॉटवर (फिरवायच्या नॉबच्या रेझिस्टरवर), पॉटच्या मधल्या पायावरून ४७० किलोओममधून ३.३ मेगच्या पलीकडच्या टोकाला. तिथे कोरडा (मूळ) आणि ओला (रिव्हर्बचा) आवाज एकत्र येतात.

इथे एक गोष्ट नवख्यांच्या हमखास नजरेतून सुटते. ३.३ मेगओममधून गेल्यावर कोरडा सिग्नल वीस-पंचवीस पटींनी लहान होतो. तो तसाच फेज इन्व्हर्टरला (पॉवर व्हॉल्व्हच्या आधीच्या टप्प्याला) दिला तर अँपचा जीवच जातो. म्हणून १२एएक्स७ चा दुसरा अर्धा त्या जोडापुढे गेन स्टेज म्हणून लावायचा. गेलेलं सगळं तो भरून काढतो. रिव्हर्बसाठी दोन व्हॉल्व्ह लागतात ते यामुळे.

रिव्हर्बचा ट्रान्सफॉर्मर मिळत नाही. रिवाइंडिंगवाल्याकडून करून घेऊ का?

तयार मिळत असेल तर तयारच घ्या. प्रायमरी २२ ते २५ किलोओम, सेकंडरी ८ ओम, सिंगल एंडेड, एवढं सांगायचं. आपल्याकडे शेतीपंपाच्या मोटारी भरणारे हात एकाहून एक आहेत, पण इथली प्रायमरी केसाएवढ्या तारेची असते आणि गाभ्यात एअर गॅप ठेवावा लागतो. बारीक तारेचं वाइंडिंग करणारा ओळखीचा असेल तरच त्या वाटेला जा.

माझ्या दुसऱ्या अँपला मी वेगळाच मार्ग काढला. गणपतीत भोंगे लावणाऱ्या साउंडवाल्यांकडे १०० व्होल्ट लाइनचे छोटे ट्रान्सफॉर्मर असतात. त्यातल्या ०.५ वॅटच्या टॅपचा हिशेब करून बघा: १०० चा वर्ग भागिले ०.५, म्हणजे २० किलोओम. दुसरीकडे ८ ओम. आपल्याला हवं त्याच्या अगदी जवळ! फक्त हे ट्रान्सफॉर्मर प्रायमरीतून डीसी जाण्यासाठी बनवलेले नसतात, आणि त्यांचं इन्सुलेशनही ४०० व्होल्ट धरून केलेलं नसतं. म्हणून १२एटी७ च्या प्लेटला २२ किलोओम, २ वॅटचा रेझिस्टर देऊन पुरवठा करायचा. मग ०.४७ मायक्रोफॅराड, ६३० व्होल्टच्या कपॅसिटरमधून सिग्नल तेवढा प्रायमरीत सोडायचा आणि प्रायमरीचं दुसरं टोक जमिनीला. रेझिस्टरवर ८०-९० व्होल्ट पडतात, त्यामुळे ३५० व्होल्टच्या अँपमध्ये १२एटी७ ची प्लेट तिच्या ३०० व्होल्टच्या मर्यादेतही राहते. उसळी थोडी कमी मिळते, पण तो अँप आजही वाजतोय.

अनोळखी ट्रान्सफॉर्मर हाती आला तर प्रायमरीला ६.३ व्होल्ट एसी द्या आणि सेकंडरी मोजा. ०.१२ व्होल्टच्या आसपास आलं तर प्रमाण पन्नासास एक, म्हणजे बरोबर. उलट करू नका. ६.३ व्होल्ट चुकून सेकंडरीला दिले तर प्रायमरीवर ३०० च्या वर निघतील.

दादा, ट्रान्सफॉर्मरशिवाय होतच नाही का?

होतं. वर मला चुकून आलेला 'एफ' टँक त्यासाठीच असतो. १,४७५ ओमच्या कॉइलला फक्त २ मिलिअँपिअर पुरतात, त्यामुळे १२एयू७ चे दोन अर्धे समांतर जोडून कपॅसिटरमधून थेट चालवता येतो. माझा तो टँक शेवटी तिसऱ्या अँपमध्ये असाच बसला. स्वच्छ, सौम्य गुंज येते. थेंब फुटल्यासारखी उसळी हवी असेल तर मात्र ट्रान्सफॉर्मरच लावा.

टँक कुठे आणि कसा बसवायचा?

आउटपुटचं टोक मेन ट्रान्सफॉर्मरपासून जितकं लांब नेता येईल तितकं न्या. बसवण्याआधी अँप चालू करून, रिव्हर्ब अर्ध्यावर ठेवून, टँक हातात धरून पेटीच्या तळाशी हळूहळू फिरवा. मी पहिल्यांदा हे केलं तेव्हा नुसती बाजू उलटी केल्यावर घरघर एकदम खाली गेली, जणू कुणी दार लावलं. आवाज जिथे सगळ्यात कमी तिथे पेन्सिलीनं खूण करायची आणि स्क्रू तिथेच.

स्क्रू घट्ट आवळायचे नाहीत. टँकला मऊ पिशवी लागते, नाहीतर स्पीकरचा हादरा सरळ स्प्रिंगमध्ये शिरतो. गाडीच्या सीटला रेक्झिन शिवणाऱ्याकडून मी पिशवी शिवून घेतली आणि आत जुन्या घोंगडीचा तुकडा दुहेरी घातला. घोंगडीची लोकर दाट आणि जड असते, हादरा छान खाते. टँकची उघडी बाजू जाड पुठ्ठ्यानं झाका, म्हणजे लोकर स्प्रिंगला लागणार नाही.

रिव्हर्ब वाढवला की घूं आवाज येतो.

आधी टँकची आउटपुट केबल टँककडून काढा. आवाज थांबला तर दोष टँकच्या जागेत किंवा केबलमध्ये. थांबला नाही तर रिकव्हरी स्टेजच्या वायरिंगमध्ये. 'सी' टँकचा पत्रा आउटपुट केबलच्या शील्डमधूनच जमिनीला जायला हवा आणि ती जमीन रिकव्हरी व्हॉल्व्हच्या कॅथोडजवळची हवी. टँक लोखंडी स्क्रूनं चॅसीलाही लागत असेल तर दोन वाटा होऊन लूप तयार होतो. इनपुट आणि आउटपुट केबल एकत्र बांधू नका.

काहीच ऐकू येत नाही.

टँकला हलकीशी टिचकी मारा. गडगडाट आला तर टँकची आउटपुट कॉइल, रिकव्हरी आणि पॉट ठीक आहेत, दोष ड्रायव्हरच्या बाजूला आहे. गडगडाट आला नाही तर आधी दोन्ही केबल उलटसुलट लागल्या नाहीत ना ते बघा. मग टँक बाहेर काढून आउटपुट मोजा. मीटरनं काहीच दाखवलं नाही तर बहुतेक वेळा कॉइलकडून सॉकेटकडे जाणारी केसासारखी तार तुटलेली असते.

ती जोडता येते. भिंग लावून बघितलं तर तार सॉकेटच्या पायाशी, सोल्डरच्या थेंबालाच तुटलेली दिसते, कारण हादरे तिथेच बसतात. टोकावरचं वार्निश बारीक सॅंडपेपरनं एकदाच, अलगद खरवडा. सोल्डरिंगचं टोक सुईसारखं असू द्या, टेकवून क्षणात उचला, आणि तार ताणलेली न ठेवता छोटासा वळसा राहू द्या. मी श्वास रोखून हे करतो. स्प्रिंगच्या टोकाच्या चुंबकाला मात्र हात लावू नका.

मोठ्यानं वाजवलं की अँप किंचाळतो.

ड्रायव्हरचा सिग्नल ३.३ मेगच्या अलीकडून घेतलाय ना? पलीकडून घेतला तर रिव्हर्ब परत रिव्हर्बमध्येच शिरतो आणि चक्र थांबत नाही. तो बरोबर असेल तर स्पीकर आणि टँक एकाच पेटीत असण्याचा हा त्रास आहे. पिशवी जाड करा. तरी थांबलं नाही तर अँपचं डोकं आणि स्पीकरची पेटी वेगळी करा.

फूटस्विच?

रिव्हर्ब पॉटवरचा सिग्नल जमिनीला टेकवणारा साधा स्विच पुरतो. केबल शील्डवालीच घ्या.

आपल्याकडचा पावसाळा सोसवतो का?

इथे पाऊस लागला की कपाटातल्या कपड्यांनाही वास येतो, मग स्प्रिंगचं काय. स्प्रिंगपेक्षा आरसीए सॉकेट आधी काळी पडतात आणि रिव्हर्ब येतो-जातो व्हायला लागतो. पावसाळ्यात आठवड्यातून एकदा अर्धा तास अँप चालू ठेवला तर व्हॉल्व्हच्या उष्णतेनं पेटी कोरडी राहते. सॉकेट वर्षातून एकदा काँटॅक्ट क्लीनरनं पुसायची. स्प्रिंगला तेल, स्प्रे, काहीही लावायचं नाही.

रिव्हर्ब एकावर कमी आणि दोनवर फार, असं होतं. मधलं काही नाही का?

ड्रायव्हरच्या ग्रिडचा १ मेगओमचा रेझिस्टर काढून तिथे १ मेगओमचा पॉट लावा, त्याचा मधला पाय ग्रिडला. स्प्रिंगला किती जोरानं ढकलायचं ते आता वेगळं ठरवता येतं आणि किती मिसळायचं ते जुन्या पॉटवर. संथ चालीला ढकलणं कमी, मिसळणं जास्त ठेवतो. सर्फ नावाच्या गिटार संगीतातल्या वेगवान धूनला बरोबर उलट: ढकलणं पूर्ण, मिसळणं तीनच्या आसपास. लॉग पॉट घ्या, लिनिअरमध्ये सगळा बदल पहिल्या पाव वळणातच होतो.